राजदूत, येझदी आणि आम्ही

यंदाच्या खंडेनवमीची गोष्ट. आमच्या जुन्या जालन्यातल्या घराच्या अंगणात सकाळी तीन वाहने धुऊनपुसून ओळीने उभी केली होती. पहिली मुलाची मोटारसायकल, दुसरी नातीची विजेवर चालणारी स्कूटर आणि तिसरी, भिंतीला टेकून, माझ्या वडिलांची राजदूत. नात पायरीवर बसून झेंडूच्या माळा ओवीत होती. पूजेला बसताना पाहतो तो माळा दोनच. "अगं, तिसरी कुठे?" असे मी विचारले, तर ती अगदी सहज म्हणाली, "आजोबा, तिसरी गाडी कुठे आहे? ती तर चालतसुद्धा नाही."

पोरीचे काही चुकले नव्हते. खंडेनवमी म्हणजे शस्त्रांची पूजा. आमच्यासारख्या मास्तरांच्या घरात शस्त्र म्हणजे विळी, अडकित्ता आणि फार तर एखादा पाना. पण जे कामाला येते त्याची पूजा करावी, हा नियम. राजदूत गेली बारा-तेरा वर्षे कामाला आलेली नाही. त्यातच पुण्याच्या एका हौशी गृहस्थांनी तिला बऱ्यापैकी किंमत देऊ केली होती. त्यांना जुन्या गाड्या जमवण्याचा नाद आहे. मुलाचे म्हणणे, अंगणात जागा होईल, गाडीही चांगल्या घरी पडेल. "दिवाळीनंतर कळवतो," असे मी त्या गृहस्थांना सांगून ठेवले होते. म्हणजे नातीला द्यायचे उत्तर आणि पुण्याला द्यायचे उत्तर, दोन्ही मला एकदमच शोधायची होती.

मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. इतिहासाच्या मास्तराला एक खोड असते. उत्तर सुचले नाही की तो सनावळीकडे वळतो. मीही वळलो. आपल्या भागातली माणसे एखाद्या यंत्राच्या नावाला इतकी चिकटून का राहत होती, आपल्याच गाडीची बाजू घेऊन सख्ख्या भावाशी का भांडत होती, आणि त्यात खरी आवड किती व नाइलाज किती, हे एकदा नीट तपासून पाहावे असे वाटले.

आमच्याकडे यंत्राच्या आधी बैल होता, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. जालन्याच्या बाजारात शेतकरी बैल घेतो तो नुसते दात पाहून नव्हे. देवणी की लाल कंधारी, कुठल्या गावचा, कुणाच्या दावणीचा, हे सारे विचारल्याशिवाय तो कनवटीला हात लावीत नाही. एकदा एका जातीचा बैल मानवला की नातवापर्यंत तीच जात दावणीला राहते. यंत्राला असले कूळ नसते. म्हणूनच लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा पहिल्या काही नांगरांना दोन वर्षे गिऱ्हाईक मिळाले नाही. लोखंडाने जमीन नासेल, अशी लोकांना धास्ती. पुढे एकाने नेला, त्याच्या रानात पीक चांगले आले, मग शेजाऱ्याने नेला. कारखान्याचे नाव असे बांधाबांधाने पसरत गेले. विहिरीवर ऑइल इंजिने आली तेव्हा कित्येक शेतकरी इंजिनालाच 'किर्लोस्कर' म्हणू लागले. मालकाचे आडनाव यंत्राला लागले, आणि यंत्राला कूळ मिळाले.

रस्त्यावरच्या यंत्रात पहिला मान सायकलीचा. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होते. मनमाड-हैदराबाद लोहमार्ग गावावरून जात असल्यामुळे विलायती माल इथवर पोचत असे. रॅले, हंबर, हर्क्युलस ही नावे मोंढ्यातल्या आडत्यांच्या तोंडी असत. माझ्या आजोबांची हर्क्युलस होती. स्वातंत्र्यानंतर सायकली देशातच होऊ लागल्या. १९४९ साली मद्रासकडे टी. आय. सायकल्स ही कंपनी निघाली, १९५१ साली सोनीपतला ॲटलास आणि १९५६ साली लुधियान्याला हीरो. पण आजोबा शेवटपर्यंत सायकल म्हणजे हर्क्युलस, असेच समजत. "बाकीच्या नुसत्या फिरतात, ही चालते," असे ते म्हणत. त्यांना दुसऱ्या सायकलीचा अनुभव होता, असे मात्र कुणी ऐकले नाही.

खरी चुरस सुरू झाली ती मोटारसायकली आल्यावर. १९५१च्या कायद्याने कोणता कारखाना काय काढील आणि किती काढील हे सरकारी परवान्यावर ठरू लागले. बाहेरून गाडी आणणे जवळजवळ अशक्य. त्यामुळे पुढल्या तीस-पस्तीस वर्षांत आम्हांला निवडायला मोजकीच नावे मिळाली. १९५५ साली मद्रासला एनफील्डची बुलेट जुळवली जाऊ लागली. तिची पहिली मोठी मागणी लष्कराची होती. १९५९ साली बजाजांनी इटलीच्या पियाजिओकडून परवाना मिळवला आणि पुढे पुण्याजवळ आकुर्डीला स्कूटरचा कारखाना उभा केला. म्हैसूरला आयडियल जावा या कंपनीने १९६१ पासून झेकोस्लोव्हाकियाची जावा बांधायला घेतली. आणि फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने, एका पोलिश गाडीचा नमुना घेऊन, साठीच्या दशकाच्या आरंभी राजदूत काढली. तसे पाहिले तर आमची भांडणे इंग्लंड, इटली, झेकोस्लोव्हाकिया आणि पोलंड यांच्यातली होती. पण गांधी चमनजवळच्या हॉटेलात चहाच्या टेबलावर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी एकालाही याचा पत्ता नव्हता.

त्या टेबलावर चार पक्ष असत. बुलेटचा पक्ष पोलिसांचा, पाटलांचा आणि ठेकेदारांचा. तिचा दमदार ठोका वेशीवर ऐकू आला की साहेब आले हे चावडीवर कळे. स्कूटरचा पक्ष बँकेतल्या नोकरदारांचा आणि कापडदुकानदारांचा. पुढे एक मूल उभे, मध्ये यजमान, मागे सौभाग्यवती आणि तिच्या मांडीवर दुसरे मूल. एवढा संसार दुसऱ्या कोणत्याही दुचाकीवर मावला नसता, आणि पाठीमागे स्टेपनीही असे. ती सुरू करण्याआधी एका कुशीवर कलती करावी लागे, पण त्यातही मालकाला आपले कसब वाटे. जावाचा पक्ष कॉलेजातल्या पोरांचा. १९७३ पासून तिचे नाव येझदी झाले. तिला दोन बाजूंना दोन सायलेन्सर, आणि किक मारायची ती दांडीच पुढे वळवली की गिअरची दांडी होई. नवख्या माणसाला ही गाडी सुरूच करता येत नसे, आणि तीच तिच्या मालकाची खरी मिजास. चौथा पक्ष राजदूतचा: दूधवाल्यांचा, खेड्यापाड्यांत हिंडणाऱ्या नोकरांचा आणि चार पैसे गाठीला असलेल्या शेतकऱ्यांचा. १९७३ साली 'बॉबी' चित्रपटात लहान चाकांची एक राजदूत झळकली आणि तिला सगळे 'बॉबी'च म्हणू लागले. पण आमच्या मोठ्या राजदूतला असली शोभा कधी मिळाली नाही.

आमचे अण्णा पंचायत समितीत शेतीखात्याचे विस्तार अधिकारी होते. भोकरदन-जाफराबादकडची खेडी त्यांच्याकडे असत. १९६९ साली वाहनासाठी सरकारी अग्रिम मिळाला, तो पगारातून हप्त्याने कापून जाणार होता. त्यांनी जाहिरात वाचून गाडी ठरवली नाही. ते एका दूधवाल्याला भेटले. चार कॅन लावून रोज तालुक्याला येणाऱ्या त्या माणसाला त्यांनी एकच प्रश्न केला, "बंद पडली तर काय करतोस?" तो म्हणाला, "साहेब, पाना आणि प्लग खिशात असला की मी गावातच दुरुस्त करतो." अण्णांनी त्याच आठवड्यात पैसे भरले. तेव्हा जालना हा वेगळा जिल्हा नव्हता. तो १ मे १९८१ला झाला. त्यामुळे गाडीची नोंद करायला औरंगाबादेस जावे लागले. तिथून साठ किलोमीटर ती गाडी चालवीत अण्णा घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि गाडीच्या दिव्याला कुंकू लावले.

त्या गाडीवर अण्णांनी काय नेले असेल, तर सगळ्यांत जास्त बियाणे. १९६४ साली ज्वारीचा सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला. त्याच वर्षी आमच्याच गावात बद्रीनारायण बारवाले यांनी महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, काढली. पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालना बियाण्यांचे गाव झाले ते त्या काळापासून. पण संकरित बी दरवर्षी नवे विकत घ्यायचे ही कल्पनाच शेतकऱ्याला नवी. कणगीतले बी सोडून पिशवीतले पेरायचे म्हणजे मोठी जोखीम. अण्णा सांगत, "पिशवीवरचे नाव कुणी वाचीत नाही रे. नाही उगवले तर जाब कुणाला विचारायचा, एवढे त्यांना कळले पाहिजे." उगवण होईपर्यंत ते त्या गावात दर आठवड्याला जात. नावावर विश्वास बसायचा तो नावामागे एखादा ओळखीचा माणूस उभा असला म्हणजे. गाडीचेही तसेच असते, हे मला फार उशिरा कळले.

रस्त्यांविषयीही सांगितले पाहिजे. अण्णांनी गाडी घेतली तेव्हा बहुतेक गावांना गाडीवाट होती. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये असा बसे की चाक फिरेनासे होई. मग बांबूच्या कामटीने तो उकरून काढायचा. १९७२-७३चा दुष्काळ आला. माणसे खडी फोडायला गेली, सुकडी खाऊन दिवस काढले, आणि त्या उपाशी हातांनी मराठवाड्यातले कितीतरी रस्ते आणि पाझर तलाव झाले. पुढे त्याच रस्त्यांवरून मोटारसायकली धावल्या. राजदूतच्या पक्षाने आणि येझदीच्या पक्षाने आपापल्या गाडीचे गोडवे गाताना त्या खडी फोडणाऱ्यांचे नाव कधी घेतले नाही. मीही घेतले नाही, म्हणून आज घेतो.

आमच्या गाडीमागे उभा असलेला माणूस म्हणजे उस्ताद. कुंडलिकेच्या पुलापलीकडे एका लिंबाखाली त्यांचे दुकान होते. दुकान म्हणजे एक पत्र्याची पेटी, एक पाट आणि घासलेटचा डबा. स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची तपासणी. "साहब, गाडी बोलती है, सुनना पडता," असे ते अण्णांना सांगत. ते स्वतः कुठल्याच पक्षाचे नव्हते. चारही गाड्या त्यांच्या लिंबाखाली उघड्या पडलेल्या असत. मालक मात्र आपली गाडी उस्तादांना सर्वांत आवडते, असे मनात धरून घरी जात.

१९७६च्या नवरात्रात मी एक पराक्रम केला. अंबडला मत्स्योदरी देवीच्या यात्रेला मित्राला मागे बसवून राजदूत घेऊन गेलो. या गाड्या दोन धावांच्या इंजिनाच्या. पेट्रोलमध्ये मापाने तेल मिसळावे लागे, कारण इंजिनाला वंगण मिळायचे ते त्यातूनच. परतताना पंपावर मित्राशी गप्पा मारीत मी पेट्रोल घेतले आणि तेल विसरलो. काही मैल गाडी झकास पळाली. मग आवाज चिरका झाला, आणि एकाएकी मागचे चाक जागीच थांबले. आम्ही दोघे रस्त्याच्या कडेला ज्वारीत जाऊन पडलो. हातपाय शाबूत होते, गाडी मात्र लोखंडाचा गोळा झाली होती. तासभर ढकलल्यावर एका बैलगाडीवाल्याने ती गाडीत घालून घेतली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पाव्हणं, आमच्या बैलाला पाण्यात तेल घालावं लागत नाही."

अण्णा रागावतील म्हणून मी मेल्याहून मेल्यासारखा झालो होतो. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला उस्तादांकडे नेले आणि एवढेच म्हणाले, "याला इथे बसू द्या. गाडी होईपर्यंत घरी पाठवू नका." तीन दिवस मी लिंबाखाली बसलो. उस्तादांनी पिस्टन बाहेर काढून माझ्या हातात दिला. त्याच्या अंगावर नखाने ओरबाडावे तशा रेघा होत्या. "ये तेरा लिखा हुआ है, बेटा," ते म्हणाले. सिलिंडर बोअर करावा लागला, त्यात एक माप मोठा पिस्टन बसला, आणि नवे इंजिन असल्यासारखे ते पुन्हा हळूहळू रुळवावे लागले. त्या तीन दिवसांत मी घासलेटने धुतलेला प्रत्येक भाग मला आजही डोळे मिटून ओळखता येईल. त्यानंतर कुणी राजदूतला नावे ठेवली की माझे माथे भडकू लागले. त्याआधी ती अण्णांची गाडी होती.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ही निष्ठा होती, की नाइलाज? स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक आठ-आठ, दहा-दहा वर्षे वाट पाहत. पोराच्या बारशाला नोंदवलेली चेतक त्याच्या मुंजीला यायची, असा विनोद त्या काळी सर्रास चाले. इतकी वाट पाहून मिळालेल्या वस्तूला नावे ठेवायला जीभ कशी रेटणार? तिच्यात खोट निघाली तर ती आपल्याच दहा वर्षांची खोट. दुसरी गाडी पाहिलेलीच नाही, तेव्हा आपली उत्तम. माझ्या आजोबांच्या हर्क्युलससारखेच हे. म्हणून त्या काळच्या समाधानाचा फार अभिमान बाळगू नये, असे माझे मन मला सांगते.

कसोटीची वेळ १९८५ साली आली. होंडाच्या सहकार्याने निघालेल्या हीरो होंडा कंपनीने सीडी १०० ही चार धावांच्या इंजिनाची गाडी बाजारात आणली. तेल मिसळायची कटकट नाही, धूर नाही, आणि लिटरला ऐंशी किलोमीटरचा बोलबाला. तिची जाहिरात सांगे की पेट्रोल भरा, टाकी बंद करा आणि विसरून जा. त्याच साली शेजारी औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा नवा कारखाना उभा राहिला, मराठवाड्यातल्या अनेक तरुणांना काम मिळाले आणि पुढे रांगाही आखूड होत गेल्या. आमचे एक मामा येझदीच्या पक्षाचे म्होरके. येझदीवरच अंत्ययात्रा काढा, असे म्हणणारे. त्यांनी १९८८ साली गुपचूप चार धावांची गाडी घेतली. गांधी चमनच्या टेबलावर त्यांना जाब विचारला, तेव्हा ते खाली मान घालून म्हणाले, "काय करता, निष्ठेवर पेट्रोल मिळत नाही." दहा वर्षांत चारांतले तीन पक्ष जवळजवळ मोडले.

आणि ज्यांना कुणी कधी विचारलेच नाही अशी माणसेही होती. आमच्या आईने राजदूतच्या मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून, पदर दातांत धरून, राजूरच्या गणपतीपासून पैठणपर्यंत वाऱ्या केल्या. एकदा अण्णा पाहुण्यांपुढे गाडीची तारीफ करीत होते. आई आतून म्हणाली, "गाडी तुमची, पाठ माझी." पाहुणे हसले, अण्णाही हसले, पण पुढल्या महिन्यात सीटला जाड गादी आली. माझी पत्नी शिक्षिका होती. १९८३ साली तिने स्वतःच्या पगारातून लूना घेतली. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ पासून काढलेली ही पन्नास सीसीची चिमुकली गाडी. आमच्या टेबलावर तिला कुणी गाडी म्हणत नसे. परवा मी पत्नीला विचारले, की तुझे कधी कुठल्या गाडीवर मन बसले होते का? ती म्हणाली, "लूनावर. शाळेला जाताना मला कुणाला विचारावे लागले नाही, सोडता का म्हणून." आमच्या चारही पक्षांच्या साऱ्या भांडणांत इतके सरळ कारण मी ऐकले नव्हते.

माझा एक विद्यार्थी कॅनडात आहे. तो इथे आला असताना ही सारी कहाणी ऐकून म्हणाला, "गुरुजी, तिकडेही अगदी हेच आहे." तिकडे चार-चार महिने बर्फ. त्यावरून पळणारी, पुढे दोन पट्ट्या आणि मागे फिरता पट्टा असलेली एक गाडी असते, तिला स्नोमोबाइल म्हणतात. क्युबेकमधल्या व्हॅल्कोर्ट गावच्या जोसेफ-आर्मांड बोम्बार्डिये यांनी १९५९ साली स्की-डू या नावाने हलकी गाडी काढली, आणि अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या दोन लहान गावांतून पोलारिस आणि आर्क्टिक कॅट अशा दोन गाड्या निघाल्या. पिवळ्या गाडीचे घर, हिरव्या गाडीचे घर, असे तिथे म्हणे गावोगाव तट असतात. बाप ज्या गाडीवर बसला तिच्यावरच मुलगा बसतो. गंमत अशी, की मिनेसोटाच्या दोन्ही कारखान्यांच्या उभारणीत एकाच माणसाचा, एडगर हेटीन याचा, हात होता. सत्तरीच्या आरंभी असल्या गाड्या काढणारे शंभरावर कारखाने होते. आज बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. मी त्याला विचारले, "मग बुडालेल्या कारखान्यांच्या गाड्या घेणाऱ्यांचे काय झाले?" तो म्हणाला, "काहींनी दुसऱ्या घेतल्या. काही जण अजून कोठारात सुटे भाग जमवून बसलेत." उणे वीस अंशांत काय आणि आमच्या बेचाळीस अंशांत काय, माणसाचा हा स्वभाव बदलत नाही असे दिसते.

कारण मला वाटते ते असे. गाडी चांगली असली की माणूस समाधानी होतो. पण नुसत्या समाधानाने तो तिच्यासाठी भांडत नाही. जी गाडी आपल्याला विसरू देत नाही, तिच्यासाठी तो भांडतो. तेलाचे माप, प्लगची काजळी, किकचा हिसका आणि उस्तादांचा लिंब, या सगळ्यांत आमचे श्रम गेले होते. ते श्रम वाया गेले असे कुणालाच म्हणवत नाही, म्हणून गाडी उत्तम. यात थोडी फसवणूक आहे, हे मी कबूल करतो. पण पोळ्याला बैलाची शिंगे रंगवणारा शेतकरी काही बैल निर्दोष आहे म्हणून रंगवीत नाही.

पुढे कारखानेही गेले. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. धुराचे नियम कडक झाले आणि नव्या शतकाच्या आरंभी राजदूतही संपली. २००९ साली बजाजने स्कूटर काढणेच थांबवायचे ठरवले, तेव्हा खुद्द राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटल्याचे उघड बोलून दाखवले. मग नावे परत येऊ लागली. २०१८ साली जावा आली, २०१९ साली विजेवरच्या स्कूटरला चेतक हे नाव मिळाले, २०२२ साली येझदी आली. नवे कारखानदार इंजिन नवे घेतात आणि नाव जुने ठेवतात. जुने मालकही जुलै महिन्यातल्या एका रविवारी आपल्या जावा-येझदी घेऊन शहराशहरांत मिरवतात. राजदूतच्या वाट्याला एवढा थाट आला नाही. दूधवाल्याच्या गाडीची मिरवणूक कोण काढणार!

दसऱ्यानंतर चार दिवसांनी मी उस्तादांच्या लिंबाखाली गेलो. उस्ताद जाऊन बरीच वर्षे झाली. आता त्यांचा नातू तिथे पक्क्या दुकानात बसतो आणि गाडीला वायर लावून पडद्यावर दोष वाचतो. तो घरी आला, राजदूतचा प्लग काढला, आणि पेटीतून आजोबांचा स्क्रूड्रायव्हर काढून मूठ कानाला लावली. मी काही बोललो नाही. सातव्या-आठव्या किकला गाडी फुटली. निळा धूर अंगणभर झाला, गल्लीतली माणसे दारात आली, नात कानांवर हात ठेवून हसत सुटली. अर्ध्या मिनिटात इंजिन बंद पडले. तो म्हणाला, "गुरुजी, बोअर आता उरला नाही. शेवटच्या मापापर्यंत झाला आहे. स्लीव्ह टाकावी लागेल, आणि मूळ मापाचा पिस्टन मिळाला पाहिजे. मग चालेल."

"चालेल?" नातीने विचारले.

"चालेल. फक्त तेल विसरायचे नाही," तो म्हणाला आणि माझ्याकडे पाहून हसला. तीन दिवसांची ती गोष्ट त्याच्या घरी अजून सांगितली जाते, हे मला त्या दिवशी समजले.

संध्याकाळी पाहतो तो भिंतीजवळच्या गाडीला दसऱ्याची एक सुकलेली अर्धी माळ बांधलेली. उरलेली अर्धी नातीच्या स्कूटरवर होती. मी आत जाऊन पुण्याच्या गृहस्थांना पत्र लिहिले. दिवाळीनंतर कळवतो म्हणालो होतो, ते दिवाळीआधीच कळवले: गाडी देता येत नाही, क्षमा असावी, मात्र आपल्या संग्रहात राजदूतचा मूळ मापाचा पिस्टन असल्यास किंमत कळवावी.